कोड न लिहिता अ‍ॅप बनवता येतं, पण ही वाट पाडली कोणी? वाचा ग्रेस हॉपर यांची गोष्ट

एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वापरून पाहिलं असेल. स्क्रीनवर एक बटण ओढून आणायचं, त्याला रंगीत ब्लॉक जोडायचे आणि बटण दाबलं की काय व्हायला हवं ते सांगायचं. कोडची एकही ओळ टाइप न करता अँड्रॉइड अ‍ॅप तयार! पण फोनच्या प्रोसेसरला ब्लॉक कळत नाहीत, त्याला फक्त ० आणि १ कळतात. मधलं भाषांतर मशीनच करतं. हे काम मशीनवर सोपवता येईल यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, त्यात सगळ्यात पुढे होत्या ग्रेस हॉपर.

घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ आत कसं चालतं ते बघायला तिने एक घड्याळ उघडलं. ते परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली! आईने मग एवढंच ठरवून दिलं की यापुढे खेळायला एकच घड्याळ मिळेल.

पुढे त्यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली, व्हासार कॉलेजमध्ये त्या शिकवतही होत्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तर वय जास्त आणि वजन कमी! खास परवानगी काढून त्या भरती झाल्याच.

५१ फुटी कॉम्प्युटर

१९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डमधल्या मार्क १ या मशीनवर झाली. हे धूड सुमारे ५१ फूट लांब होतं आणि एका सेकंदात जेमतेम तीन बेरजा करायचं. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. कागदी पट्टीवर भोकं पाडून एकेक सूचना द्यायची. एक भोक चुकलं की सगळं उत्तर चुकलं. या मशीनचं ५०० हून जास्त पानांचं मॅन्युअल हॉपरबाईंनी लिहिलं.

एक गंमत सांगतो. कॉम्प्युटरमधल्या चुकीला 'बग' हे नाव हॉपरबाईंनी दिलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. १९४७ मध्ये मार्क २ मशीनमध्ये खरोखरचा पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरं आहे. पण हा शब्द इंजिनिअर लोक त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. बाईंनी तो किस्सा सांगून सांगून जगभर पोचवला.

हे काम मशीनच का करत नाही?

१९४९ मध्ये त्या युनिव्हॅक कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. प्रोग्रामर लोक नेहमी लागणारे कोडचे तुकडे वहीत लिहून ठेवायचे आणि नवीन प्रोग्रामसाठी हाताने उतरवून घ्यायचे. उतरवताना इंग्रजी बी अक्षराचा १३ व्हायचा, आकडेमोड चुकायची. मग बाईंनी विचार केला, नक्कल करणं आणि बेरीज करणं हीच तर मशीनची कामं, मग ती माणसाने का करायची?

१९५२ मध्ये त्यांनी ए-० नावाचा प्रोग्राम तयार केला. आधी लिहिलेले तुकडे टेपवर साठवायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा, नुसता नंबर सांगितला की मशीन तो तुकडा शोधून जोडणार. याला त्यांनी कंपायलर म्हटलं. आजच्या व्याख्येत तो पूर्ण कंपायलर बसत नाही, पण दिशा तीच होती. अ‍ॅप इन्व्हेंटरमधला ब्लॉक म्हणजे तरी काय? कोणीतरी आधी लिहून ठेवलेला कोड, जो आपण नुसता उचलून जोडतो.

पुढची मागणी तर त्याहून मोठी होती. पगार आणि मालाचा हिशोब ठेवणाऱ्या लोकांना गणिती चिन्हं नको वाटतात, त्यांना साध्या इंग्रजी शब्दांत सूचना देता आल्या पाहिजेत, असं त्या म्हणू लागल्या. कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही, असं उत्तर मिळालं. बाईंनी मग तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. मशीनला शब्दाचा अर्थ कळावाच लागत नाही, कुठल्या शब्दाला काय करायचं एवढं ठरलेलं असलं की पुरतं. पण साहेब लोक आणखीच गोंधळले! तरी बाई मागे हटल्या नाहीत. त्यातून फ्लो-मॅटिक भाषा आली आणि १९५९ मध्ये एका समितीने कोबोल बनवायला घेतली, तेव्हा फ्लो-मॅटिक तिचा मोठा आधार ठरली. बँकांमध्ये कोबोल आजही चालते.

नौदलाने त्यांना १९६६ मध्ये निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने लांबत लांबत १९८६ पर्यंत गेले! ७९ व्या वर्षी रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

आपण यातून काय घ्यायचं?

हॉपरबाईंनी माणसाचं उतरवून घेण्याचं काम वाचवलं, विचार करण्याचं नाही. ब्लॉक वापरले की स्पेलिंग आणि कंस चुकत नाहीत, पण विचार चुकला तर अ‍ॅपही चुकणार.

समजा तुम्हाला घरच्या दुधाच्या हिशोबाचं अ‍ॅप बनवायचंय. ३० दिवस, रोज १ लिटर, ४ खाडे, म्हणजे २६ लिटर. सोपं वाटतं ना? पण पाहुणे आले म्हणून एक दिवस २ लिटर घेतलं तर? महिन्याच्या मध्येच भाव वाढला तर? 'खाडा' बटण चुकून दोनदा दाबलं गेलं तर? यांची उत्तरं कुठलाच ब्लॉक देणार नाही, ती तुम्हालाच ठरवायची आहेत.

म्हणून अ‍ॅप इन्व्हेंटर उघडायच्या आधी वही घ्या आणि काय झालं की काय व्हायला हवं, ते साध्या मराठीत एकेक ओळ करून लिहा. प्रत्येक ओळीला ब्लॉक शोधणं हे मग पुढचं आणि सोपं काम. तुमची पहिली ओळ काय असेल?