वाल्डेमार हाफकिन

परभणी जिल्ह्यात आणि एकंदर मराठवाड्यात अनेक गावांच्या शिवेवर मरीआईचे ठाणे आढळते. पूर्वी पटकीची साथ आली की देवीचा कोप झाला असे समजून लोक तिला नैवेद्य दाखवीत, तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडीत. सकाळी धडधाकट असलेला माणूस उलट्या-जुलाबांनी संध्याकाळपर्यंत दगावे. पण या रोगाचे मूळ घागरीतील पाण्यात आणि ताटातील अन्नात दडलेले आहे, हे कोणाच्या ध्यानी येत नसे.

ते मूळ रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये कलकत्त्यास दाखवून दिले. स्वल्पविरामासारखा वाकडा असा एक सूक्ष्म जंतू रोग्याच्या मळातून पाण्यात उतरतो. त्या पाण्याने, माश्यांच्या पायांनी किंवा अस्वच्छ हातांनी तो अन्नात शिरतो आणि खाणाऱ्याच्या आतड्यात वाढतो. शत्रू सापडला, पण त्याच्याशी झुंजावे कसे? ते काम वाल्डेमार हाफकिन यांनी शिरावर घेतले.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. प्राणिशास्त्राचे शिक्षण संपवून ते पुढे पॅरिसला गेले. तेथील पाश्चर संस्थेत त्यांना ग्रंथालयात काम मिळाले. फावल्या वेळात ते पटकीच्या जंतूंवर प्रयोग करीत. अखेर लस सिद्ध झाली. ती माणसाला बाधणार तर नाही ना, हे कोण सांगणार? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला. परंतु लवकरच ते बरे झाले.

१८९३ मध्ये ते भारतात आले. लोकांना या परक्या सुईचे भय वाटे. हाफकिन भारतीय डॉक्टरांना बरोबर घेऊन वस्त्यावस्त्यांतून हिंडले. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका वस्तीत सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे दहा जणांना पटकी झाली. त्या दहांपैकी एकानेही लस टोचून घेतलेली नव्हती!

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा हाफकिन यांनी त्यावरही लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःच्याच अंगी टोचून घेतली.

पण १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी अनर्थ ओढवला. एकाच बाटलीतील प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे चौकशीतील साक्षींतून दिसून आले. तरीही कलंक धुऊन निघण्यास १९०७ साल उजाडावे लागले. कटुता न धरता ते पुन्हा भारताच्या सेवेस रुजू झाले.

मुंबईत परळ येथे त्यांनी उभारलेल्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे देहावसान झाले.

मातीत पडलेल्या एका चिमट्याने १९ जीव घेतले. न धुतलेला हात, उघडे ठेवलेले अन्न आणि गढूळ पाणी हीदेखील तशीच घातक असतात. लस काही काळ रक्षण करते. परंतु शुद्ध पाणी, झाकलेले ताजे अन्न आणि स्वच्छ हात यांचे रक्षण नित्याचे असते.