गणितात तीनदा नापास झालेला सर

एम-थ्रीला केटी लागली म्हणून तोंड पाडून फिरणाऱ्यांची आपल्या मेकॅनिकलला कमी नाही. (प्रस्तुत लेखक त्यातलाच!) म्हणून ही अ‍ॅलेक इसिगोनिसची गोष्ट.

जन्म १८ नोव्हेंबर १९०६, गाव स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, जहाजांच्या यंत्रांचा कारखाना चालवणारे, आई बव्हेरियाची. १९२२ मध्ये युद्धात शहर पडलं आणि कुटुंबाला सगळं सोडून ब्रिटिश जहाजातून माल्टाला जावं लागलं. वडील तिथेच वारले. आई आणि मुलगा इंग्लंडला आले. पोराने लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये नाव घातलं आणि गणिताच्या परीक्षेत तीनदा गटांगळी खाल्ली. ड्रॉइंग मात्र असं, की पुढे त्याची हाताने काढलेली स्केचेस बघून कारागीर पार्ट बनवायचे.

हंबरमधून १९३६ मध्ये तो मॉरिस कंपनीत आला आणि पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनमागे लागला. तेव्हा बहुतेक इंग्लिश गाड्यांना पुढेही बैलगाडीसारखा अखंड अ‍ॅक्सल असायचा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही तिरकं. युद्धाच्या काळात त्याने एका छोट्या गाडीचं काम सुरू केलं. तीच १९४८ ची मॉरिस मायनर. स्वतंत्र चाकं, लांब टॉर्शन बार, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग. गाडी अरुंद दिसते म्हणून ऐनवेळी नमुना मधोमध उभा कापून ४ इंच रुंद केला! बंपर आधीच तयार झाले होते, तेही कापून मध्ये पट्टी घातली.

आता वायवाचा भाग. मायनरच्या उभ्या स्विव्हल पिनच्या दोन्ही टोकांना आटे असतात आणि ते ट्रनियनमध्ये बसतात. स्टिअरिंग वळवलं की नटात बोल्ट फिरावा तशी पिन फिरते. साधी, स्वस्त रचना. पण गाडीचं वजन खालच्या ट्रनियनवर येतं आणि तिथे रस्त्याचा चिखलही उडतो. वेळेवर ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात, आणि एक दिवस पिन ट्रनियनमधून सुटते. चाक आडवं होऊन गाडीचं नाक रस्त्यावर टेकतं. अनेकदा हे पार्किंग करताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना होतं, ते नशीबच म्हणायचं. वेगात झालं तर काय, याची कल्पना करा. गाडी चांगलीच होती. मायनर ही १० लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी. पण ग्रीस गनवर जीव टांगलेला.

१९५२ मध्ये तो अल्विसला गेला. तिथली गाडी बाजारात आलीच नाही. १९५५ मध्ये परत आला, १९५६ मध्ये सुएझ कालव्याचं प्रकरण पेटलं, पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि कंपनीला छोटी गाडी हवी झाली. २६ ऑगस्ट १९५९ ला मिनी आली. जेमतेम १० फूट लांबी, आडवं इंजिन, गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, १० इंची चाकं, आणि स्प्रिंगऐवजी त्याच्या मित्राने, अ‍ॅलेक्स मोल्टनने, बनवलेले रबरी कोन. पुढच्या हबला वर-खाली एकेक बॉल जॉइंट. वाटीत बसलेली पोलादी गोळी चाकाला वळूही देते आणि वर-खालीही होऊ देते.

म्हणून झीज संपली असं नाही. रबरी बूट फाटलं की पाणी-माती आत, ग्रीस बाहेर, आणि गोळी वाटीत खडखडायला लागते. टायर एका बाजूने खाल्ला जातो. जुनी मिनी घेणारा म्हणूनच चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवून बघतो.

आपल्याकडची अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचीच बहीण. पुढे तेच टॉर्शन बारचं सस्पेन्शन. आपल्यातल्या कितीजणांच्या आजोबांनी न कळत त्याच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीवर घाट चढला असेल!

१९६९ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, १९७१ मध्ये तो निवृत्त झाला. लग्न केलं नाही, आईबरोबरच राहिला. २ ऑक्टोबर १९८८ ला बर्मिंगहॅममध्ये वारला. मिनी त्यानंतरही २००० सालापर्यंत बनत होती, पुढच्या हबला तेच दोन बॉल जॉइंट घेऊन.