सासष्टीतच विसावलेले फादर स्टीफन्स
इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये जन्मलेले जेझुइट मिशनरी थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाजाने गोव्यात उतरले. वय तिशीचं. पुढची सुमारे ४० वर्षं, १६१९ मध्ये गोव्यातच देह ठेवेपर्यंत, ते मायदेशी परतले नाहीत. तिकडे जेझुइट पाद्र्यांच्या जिवालाच धोका होता. सासष्टी हेच त्यांचं घर झालं.

चर्चचं काम करता करता ते कोकणी, मराठी शिकले. नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती. पुराण ऐकायची सवय मात्र सुटली नव्हती. फादरनी ही हुरहूर ओळखली.

साठी उलटल्यावर, १६१६ मध्ये, त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला (राशोल) छापून निघालं. सुमारे ११ हजार ओव्या. देवनागरी खिळे नसल्यानं लिपी रोमन. रविवारी आणि सणासुदीला चर्चमध्ये त्याचं वाचन होऊ लागलं. ख्रिस्तजन्माची कथाही लोकांनी ओवीतच ऐकली.

पोथ्या हिरावल्या त्या त्यांच्याच धर्मसत्तेनं, हे विसरून चालणार नाही. पण त्याच चर्चमध्ये मराठी ओवीला जागा मिळाली, ती या म्हाताऱ्या पाद्र्यामुळं.