अबीगईलची शिष्टाई

क्रोधाने पेटलेल्या पुरुषाच्या वाटेत उभे राहणे सोपे नाही. अपराध आपला नसता तो शिरावर घेऊन उभे राहणे तर विरळ्यांनाच साधते. बायबलाच्या जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात, अशा एका साध्वीचे आख्यान आले आहे. तिचे नाव अबीगईल.

सुमारे ३००० वर्षांपूर्वीची ही कथा. हेब्रोनच्या दक्षिणेस मावोन गावी नाबाल नावाचा धनाढ्य राहत असे. शेजारच्या कर्मेलात त्याची ३००० मेंढरे व १००० शेळ्या होत्या. त्याची पत्नी अबीगईल रूपवती आणि बुद्धिमती. तो स्वतः मात्र कठोर व दुर्वर्तनी. नाबाल या हिब्रू शब्दाचा अर्थच मुळी मूर्ख असा आहे.

दावीद तेव्हा राजा झालेला नव्हता. शौल राजाच्या कोपामुळे तो ६०० अनुयायांसह रानोमाळ हिंडत होता. त्याच्या माणसांनी नाबालाच्या कळपांना अहोरात्र संरक्षण दिले. एकही मेंढरू हरवले नाही. पुढे लोकर कातरण्याचा आनंदाचा दिवस आला. दावीदाने दहा तरुण पाठवून नम्रपणे शिध्याची याचना केली. नाबालाने त्याची गणना धन्यापासून पळालेल्या चाकरांत केली. भाकर, पाणी, मांस या प्रत्येकामागे माझे हा शब्द लावून त्याने त्यांना विन्मुख परतविले. हे ऐकताच दावीद ४०० जणांना तलवारी बांधायला लावून निघाला. उजाडेपर्यंत त्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही, ही त्याची प्रतिज्ञा!

एका सेवकाने हे संकट अबीगईलच्या कानी घातले. ती पतीशी वाद घालीत बसली नाही. २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, रांधलेली पाच मेंढरे, हुरडा, मनुकांचे १०० घड आणि अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादून, नाबालाला न कळविता ती निघाली. डोंगराच्या आडवाटेला दावीद समोर येताच तिने साष्टांग नमन केले आणि सारा दोष आपल्यावर घेतला. तिने पतीसाठी क्षमा मागितली. पण त्याहून अधिक चिंता दावीदाची वाहिली. उद्या राज्यपद लाभेल, त्या वेळी निष्कारण सांडलेल्या रक्ताचे शल्य अंतःकरणात राहू नये, हे तिने त्याच्या ध्यानी आणून दिले. दावीदाचा क्रोध शमला. ईश्वराचे आभार मानून आणि तिच्या विवेकाची प्रशंसा करून त्याने तो शिधा स्वीकारला.

ती घरी परतली तेव्हा नाबाल राजेशाही मेजवानीत मद्यधुंद होता. त्या रात्री ती एक अक्षर बोलली नाही. सकाळी नशा उतरल्यावर तिने सर्व वृत्तान्त सांगितला. ते ऐकून त्याचे काळीज जणू थिजले, देह दगडासारखा झाला; सुमारे दहा दिवसांनी तो मरण पावला. नंतर दावीदाने अबीगईलचे पाणिग्रहण केले. पुढे सिकलाग येथे अमालेकी लोकांनी तिला बंदिवान केले, तेव्हा दावीदाने तिची सुटका केली. हेब्रोनात तिला पुत्र झाला. यहुदी परंपरेत, तालमूद ग्रंथात, सात स्त्री-संदेष्ट्यांत तिची गणना आहे.

वाचकहो, नाबालाने मूठभर अन्न राखले आणि सारे घर तलवारीच्या धारेवर ठेवले. अबीगईलने आधी राहिलेले देणे पोहोचविले, मगच शब्द उच्चारला. क्रुद्धाला तत्काळ गाठावे, मद्यप्याशी सकाळीच बोलावे, हे तारतम्य तिच्यापाशी होते. आणि उपसलेली तलवार म्यान करून एका स्त्रीचे ऐकणारा दावीदही त्या दिवशी, मुकुट लाभण्यापूर्वीच, राजपदास योग्य ठरला.