मॉरिस फ्रँक आणि त्याची बडी

संत्र्यांच्या हंगामात वरूडच्या बाजारात पाऊल ठेवावयास जागा नसते. संत्र्यांचे ढीग, हातगाड्या, मालमोटारी आणि गिऱ्हाइकांची ये-जा यांनी सारा बाजार गजबजून जातो. अशा गर्दीत एखादा कुत्रा शिरला, तर चोहोकडून हाड हाड असा आवाज उठतो. बागेची व घराची राखण करणारा हा इमानी प्राणी आपल्याकडे अंगणापर्यंतच यावयाचा. पुढे त्याला मज्जाव. आणि त्याच गर्दीतून एखाद्या अंध माणसाला जावयाचे असेल, तर त्याला कोणाचा तरी हात धरावा लागतो.

वरूड ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील माधान गावचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टीला मुकले होते. तरीही त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. वाचून दाखविणारे आणि सांगतील ते लिहून घेणारे शिष्य त्यांना लाभले होते. परंतु सामान्य अंध माणसाला असे शिष्य कोठून मिळावेत? त्याने रोज कामावर कसे जावे? अशा माणसाला कुत्र्याच्या डोळ्यांनी वाट काढता येते, हे ज्याने भर रस्त्यात चालून दाखविले, तो अमेरिकेतील मॉरिस फ्रँक.

मॉरिसचा जन्म १९०८ साली नॅशव्हिल या शहरी झाला. सहा वर्षांचा असताना तो घोड्यावरून जात होता. वाटेत झाडाची फांदी लागून त्याचा उजवा डोळा गेला. सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना डाव्या डोळ्यास मार बसला आणि त्याच्यापुढे कायमचा अंधार पसरला. मुलगा मोठा हिंमतीचा. त्याने शिक्षण सोडले नाही आणि विम्याचे काम करून चार पैसेही मिळविले. परंतु घराबाहेर पडावयाचे झाले, की तो परस्वाधीन होई. हात धरून नेण्यासाठी त्याने पगार देऊन एक मुलगा ठेवला होता. तो मुलगा येईल तेव्हा निघावे आणि तो नेईल तिकडे जावे, असा क्रम चाले. केस कापवावयास न्हाव्याकडे गेला, तर परत न्यावयास कोणी येईपर्यंत त्याला तेथेच ताटकळत बसावे लागे. आंधळेपणापेक्षाही हे परावलंबन त्याला अधिक जाची.

१९२७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात त्याच्या वडिलांनी त्याला एका साप्ताहिकातील लेख वाचून दाखविला. तो लेख डोरथी युस्टिस नावाच्या अमेरिकन बाईंनी लिहिला होता. युस्टिसबाई स्वित्झर्लंडमध्ये व्हवे गावाजवळच्या डोंगरावर राहत आणि तेथे जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांची पैदास करून त्यांना शिकवीत. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे कितीतरी सैनिक अंध झाले होते. त्यांना वाट दाखविण्यासाठी कुत्री तयार करणारी शाळा १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे निघाली होती. पुढे पॉट्सडॅम येथेही तशी शाळा निघाली. ती पाहून बाई थक्क झाल्या आणि तिचे वर्णन त्यांनी लेखात केले. मॉरिसने त्यांना तत्काळ पत्र पाठविले. आपल्याला असा कुत्रा मिळावा, म्हणजे मायदेशी परतून आपण इतर अंधांसाठी तशीच शाळा काढू, असे त्याने कळविले. बाईंनी त्याला बोलावून घेतले. १९२८ सालच्या वसंतऋतूत तो एकटाच समुद्र ओलांडून स्वित्झर्लंडला गेला.

तेथे त्याच्या स्वाधीन करण्यात आलेली कुत्री म्हणजेच बडी. बडी या इंग्रजी शब्दाचा अर्थ सवंगडी. तिचे मूळचे नाव निराळे होते. हे त्याने ठेवलेले.

बडीचे शिक्षण आधीच बरेच झाले होते. आता शिकावयाचे होते ते मॉरिसला. कुत्र्याच्या अंगावर कातडी पट्टा बांधलेला असतो आणि त्याला एक ताठ मूठ असते. ती डाव्या हाती धरावी, म्हणजे कुत्रा थांबला, वळला वा किंचित कचरला, तरी ते हाताला तत्क्षणी कळते. कोठे जावयाचे, हे कुत्रा ठरवीत नाही. रस्ता माणसाने ध्यानात ठेवावयाचा आणि पुढे, डावीकडे, उजवीकडे असे हुकूम द्यावयाचे. कुत्र्याने वाटेतील खड्डा, खांब वा पायरी पाहावयाची आणि रस्त्याच्या कडेला येताच थांबावयाचे. स्वतः आरामात खालून निघून जाईल, परंतु धन्याच्या कपाळाला लागेल, अशी फांदीही त्याने टाळावयाची असते. सर्वांत अवघड धडा मात्र वेगळाच आहे. धन्याने पुढे चालण्याचा हुकूम दिला आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्याने तो हुकूम मोडावयाचा! आज्ञा पाळावयास शिकविणे त्या मानाने सोपे. आज्ञा केव्हा पाळू नये, हे शिकविण्यास फार चिकाटी लागते. मॉरिसलाही याच्या उलट धडा घ्यावा लागला. बडी अडली, की घाई न करता तिच्यावर विसंबून उभे राहावयाचे.

एके दिवशी तो बडीला घेऊन व्हवे गावात एकटाच न्हाव्याकडे गेला आणि एकटाच परत आला. कोणाचीही वाट पाहावी लागली नाही. त्याला आनंदाने हसू आवरेना.

जून महिन्यात तो बोटीने न्यूयॉर्कला उतरला. बंदरावर वार्ताहर जमले होते. कुत्रा माणसाला रस्ता ओलांडून नेतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी त्याला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखविण्याचे आव्हान दिले. गोदीला लागून असलेला तो रुंद रस्ता मालमोटारींनी भरलेला असे. तो किती धोक्याचा आहे, याची मॉरिसला कल्पना नव्हती, हे एका परीने बरेच झाले! त्याने बडीला हुकूम दिला. चहूकडे भोंगे वाजत होते, गाडीवान ओरडत होते. बडी चार पावले जाई, थबके, मागे सरे, पुन्हा निघे. काही वेळाने मॉरिसला दिशेचेही भान उरले नाही. हातातील मूठ तेवढी त्याने सोडली नाही. अखेर बडीने त्याला पलीकडच्या पदपथावर सुखरूप पोहोचविले. त्याने युस्टिसबाईंना यश मिळाल्याची एकाच शब्दाची तार केली.

जानेवारी १९२९ मध्ये नॅशव्हिल येथे द सीइंग आय ही संस्था स्थापन झाली. पुढे ती न्यू जर्सी राज्यात हलविण्यात आली. मॉरिसने दिलेला शब्द पाळला. परंतु कुत्री तयार झाली, तरी दारे बंदच होती. उपाहारगृहात कुत्र्याला मनाई, हॉटेलात मनाई. आगगाडीत तर कुत्र्याने सामानाच्या डब्यातच बसावे, असा नियम होता. मग त्या अंध माणसाने डब्यातून उतरावे तरी कोणाच्या आधाराने? मॉरिस बडीसह गावोगाव हिंडला. तो अधिकाऱ्यांना भेटे, सभांतून बोले. मात्र त्याच्या बोलण्यापेक्षा बडीच्या वागण्याचाच प्रभाव अधिक पडे. ती मेजाखाली निमूट पडून राही. भुंकणे नाही, पानाकडे पाहून लाळ घोटणे नाही. दुसरीकडे लोकांनाही शिकवावे लागे. पट्टा बांधलेला कुत्रा कामावर असतो. त्याला कुरवाळले किंवा खाऊ दिला, तर त्याचे लक्ष ढळते आणि धोका धन्याला होतो.

१९३५ पर्यंत अमेरिकेतील सर्व रेल्वे कंपन्यांनी वाटाड्या कुत्र्यांना धन्याजवळ बसू देण्याचे मान्य केले. १९३८ साली युनायटेड या विमान कंपनीनेही त्यांना परवानगी दिली. नंतर एकेका राज्याने तसे कायदे केले. १९९० साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. भारतातही सार्वजनिक जागा दिव्यांगांना सुगम असाव्यात, असे २०१६ च्या कायद्याने ठरविले आहे. मात्र वाटाड्या कुत्रे आपल्याकडे अद्याप क्वचितच दृष्टीस पडतात.

विमानाची दारे उघडली, त्याच वर्षी २३ मे रोजी बडी मरण पावली. मॉरिस १९५६ पर्यंत संस्थेचे काम करीत राहिला आणि १९८० साली त्याचे निधन झाले. बडीनंतर त्याच्याबरोबर आणखी काही कुत्रे चालले. त्या प्रत्येकाला तो बडी याच नावाने हाक मारी.