कॅप्टन रूपसिंह
२०१० साली सचिनने द्विशतक केले ते आपले ग्वाल्हेरचे मैदान सर्वांना ठाऊक आहे. पण ते ज्यांच्या नावाचे आहे ते कॅप्टन रूपसिंह हॉकीपटू होते, ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. १९३२ साली लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला जायला धड कपडे नाहीत म्हणून ते अडून बसले होते, असे सांगतात. थोरल्या भावाने कपडे करून दिले. तिथे भारताने अमेरिकेला २४-१ असे हरविले. त्यात रूपसिंहांचे १० गोल, ध्यानचंदांचे ८! १९३६ साली बर्लिनलाही दोघांच्या संघाने सुवर्णपदक आणले. पुढे शिंदे सरकारच्या सैन्यात नोकरी करून १९७७ साली ते ग्वाल्हेरातच वारले. पालकांनी मैदानावरून जाताना मुलांना हे अवश्य सांगावे.