ध्रुवप्रवासी रोआल्ड आमुंडसेन

उन्हाळ्याच्या दिवसांत नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारी प्रवासी जहाजे ट्रॉम्सो बंदरात काही तास थांबतात. हे नगर उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरेच पलीकडे वसलेले आहे. जहाजावरून उतरलेल्या उतारूंपैकी पुष्कळांची पावले बंदरालगतच्या एका जुन्या लाकडी इमारतीकडे वळतात. एकोणिसाव्या शतकात जकातीची वखार म्हणून बांधलेल्या या वास्तूत पुढे ध्रुवप्रदेशाचे संग्रहालय झाले. पेंढा भरलेली पांढरी अस्वले, शिकाऱ्यांची हिवाळी झोपडी आणि रोआल्ड आमुंडसेन याच्या सफरींची स्मृतिचिन्हे पाहून, घड्याळावर नजर ठेवीत मंडळी परत जहाज गाठतात. हे संग्रहालय १८ जून १९७८ रोजी उघडले गेले. त्या तारखेचे महत्त्व आमुंडसेनच्या चरित्राच्या अखेरच्या पानावर आहे. म्हणून ते चरित्रच आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमुंडसेनचा जन्म १६ जुलै १८७२ रोजी जहाजमालकांच्या घराण्यात झाला. मुलाने वैद्य व्हावे ही आईची इच्छा, आणि मुलाचे चित्त मात्र ध्रुवप्रवासाच्या वृत्तांतात! भर हिवाळ्यात खिडक्या सताड उघड्या टाकून हा मुलगा निजत असे. थंडीची सवय अंगी मुरावी हा त्यातील हेतू. १८९३ मध्ये आई निवर्तली आणि त्याने वैद्यकाला रामराम ठोकला. पुढे १८९७ ते १८९९ या काळात ‘बेल्जिका’ या जहाजावरून तो दक्षिणेच्या हिमसागरात गेला. तेथे जहाज बर्फात अडकले आणि खलाशांना रक्तपितीने ग्रासले. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक याने सील व पेंग्विन यांचे ताजे मांस खावयास लावून पुष्कळांचे प्राण वाचविले. आमुंडसेन हा धडा जन्मभर विसरला नाही.

१९०३ च्या जूनमध्ये, सावकारांचा तगादा चुकविण्यासाठी, ‘ग्योआ’ हे अवघ्या ४७ टनांचे गलबत त्याने मध्यरात्री हाकारले. बरोबर सहा सोबती होते. अटलांटिकमधून अमेरिकेच्या उत्तरेने पॅसिफिकला जाणारा जो जलमार्ग शोधताना अनेक जहाजे नष्ट झाली होती, तो त्याने १९०६ मध्ये प्रथम पार केला. परंतु आमच्या मते या सफरीतील खरी कमाई निराळीच होती. वाटेत किंग विल्यम बेटावर त्याने दोन हिवाळे काढले आणि तेथील नेटसिलिक लोकांचे शिष्यत्व पत्करले. कातड्याचे सैल कपडे कसे घालावे, कुत्र्यांची गाडी कशी हाकावी, घाम कसा टाळावा, हे तो त्यांच्यापाशी शिकला. सुधारलेल्या म्हणविणाऱ्या देशांतील किती प्रवाशांस ही नम्रता साधली होती?

पुढे नान्सेनकडून त्याने ‘फ्राम’ हे जहाज मागून घेतले, ते उत्तर ध्रुवाच्या नावाने. तोच १९०९ मध्ये कुक व पिअरी या दोघांनीही तो ध्रुव गाठल्याचे जाहीर केले. आमुंडसेनने मनातल्या मनात दिशा बदलली आणि ती जवळजवळ सर्वांपासून लपविली. सप्टेंबर १९१० मध्ये मदेराच्या बंदरात त्याने आपल्या माणसांना खरे सांगितले. दक्षिण ध्रुवाकडेच निघालेल्या इंग्रज कप्तान स्कॉटला तारेने कळविले. ज्यांनी विश्वासाने जहाज व पैसा दिला त्यांना असे अंधारात ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तथापि पुढील तयारीला मात्र तोड नाही. ८०, ८१ व ८२ अक्षांशांवर त्याने अन्नाची कोठारे भरली, आणि धुक्यात ती चुकू नयेत म्हणून वाटेला आडव्या रेषेत निशाणांच्या रांगा रोवल्या. सप्टेंबर १९११ मध्ये घाईने निघाल्यावर कडाक्याच्या थंडीमुळे परतावे लागले. पुन्हा १९ ऑक्टोबरला पाच माणसे, चार गाड्या व ५२ कुत्री निघाली. १४ डिसेंबर १९११ रोजी ती माणसे दक्षिण ध्रुवावर उभी होती. ९९ दिवसांनी तळावर पोचली तेव्हा कुत्री ११ उरली होती. वाटेत मारून कुत्र्यांना व माणसांनाही खाऊ घालायची, हा हिशेब आधीच मांडलेला होता. स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोचला तो आमुंडसेनचा तंबू पाहण्यासाठीच. तो व त्याचे चारही सोबती परतीच्या वाटेवर मरण पावले. त्या शोकापुढे आमुंडसेनचे यश झाकोळले.

नंतर ‘मॉड’ जहाजाची दीर्घ सफर झाली, दिवाळे निघाले आणि मग विमानांची पाळी आली. मे १९२६ मध्ये ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून तो उत्तर ध्रुवावरून अलास्कास पोचला. जहाज रचणारा व चालविणारा इटालियन अधिकारी उंबेर्तो नोबिले हा होता. श्रेय कोणाचे, यावरून दोघांत हाडवैर पडले. १९२७ च्या आत्मचरित्रात आमुंडसेनने नोबिलेवर कडू शब्दांत आग पाखडली.

आणि २५ मे १९२८ रोजी नोबिलेचे ‘इटालिया’ हे हवाई जहाज बर्फावर कोसळले. बातमी येताच आमुंडसेन शोधास जाण्यास सिद्ध झाला. तयारीला महिनोन् महिने घालविणाऱ्या या पुरुषाने या वेळी मिळेल ते विमान पत्करले. अटलांटिक ओलांडण्यासाठी बांधलेले ते फ्रेंच ‘लाथाम ४७’, बर्फासाठी नव्हते. १८ जून १९२८ रोजी दुपारी, पंचावन्नाव्या वर्षी, पाच सोबत्यांसह त्याने ट्रॉम्सो सोडले. काही तासांतच बिनतारी संदेश बंद पडले. नोबिलेला त्यानंतर आठवड्याच्या आत एका स्वीडिश वैमानिकाने वाचविले. उरलेले सोबती जुलैमध्ये ‘क्रासिन’ या सोव्हिएट बर्फफोड्या जहाजाला सापडले.

३१ ऑगस्टला मच्छीमारांना विमानाचा एक तरंडा सापडला आणि ऑक्टोबरात पेट्रोलची एक टाकी. २००९ मध्ये नॉर्वेच्या नौदलाने समुद्रतळ धुंडाळला. विमानही मिळाले नाही आणि माणसेही.